शिक्षा संपल्यावरही कैदेत ठेवता येते का? घातक लैंगिक गुन्हेगारांच्या बेमुदत स्थानबद्धतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली. तेव्हापासून ठाणे, कळवा, ऐरोली आणि खारघर परिसरातील पालक, शिक्षक व गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आमच्या कायदेविषयक शिबिरांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत: जो माणूस पुन्हा तेच करील असे सर्वांना वाटते, त्याला कायमचे आत का ठेवत नाहीत? त्या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू येथे एकत्र केल्या आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेमुदत स्थानबद्धता म्हणजे नेमके काय? ती जन्मठेपेपेक्षा वेगळी कशी?

जन्मठेप ही झालेल्या गुन्ह्याची शिक्षा असते आणि ती दोष सिद्ध झाल्यावर न्यायालय सुनावते. बेमुदत स्थानबद्धतेत शिक्षा आधीच भोगून झालेली असते. तरीही हा माणूस बाहेर आला तर गंभीर लैंगिक गुन्हा करण्याचा धोका फार मोठा आहे, असे ठरवून समाजाच्या संरक्षणासाठी त्याला पुढेही अडकवून ठेवले जाते आणि सुटकेची तारीख ठरवली जात नाही. काही देशांत मात्र ही तरतूद मूळ शिक्षेच्या वेळीच सुनावली जाते. कॅनडात एखाद्याला ‘घातक गुन्हेगार’ घोषित करून मुदत नसलेली कैद देता येते आणि पॅरोल मंडळ ठरावीक काळाने तिचा आढावा घेते. पहिल्या प्रकारात कैद सर्वस्वी भविष्याच्या अंदाजावर उभी असते, तर दुसऱ्यात ती निदान मूळ निकालपत्राचा भाग असते. पुढील उत्तरांत प्रामुख्याने पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

२. भारतात असा कायदा आहे का?

नाही. शिक्षेची मुदत पूर्ण झाली की कारागृहाला कैद्याला सोडावेच लागते, मग तो सुधारला आहे असे कोणाला वाटो वा न वाटो. याचे सर्वांना आठवणारे उदाहरण डिसेंबर २०१५ मधले आहे. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातील अल्पवयीन दोषीची तीन वर्षांची मुदत संपत होती. त्याची सुटका थांबवावी यासाठी दिल्ली महिला आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता. देशभर संताप होता, परंतु मुदतीपलीकडे अडकवून ठेवण्यास कायद्याचा आधार नाही, म्हणून न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेने बाल न्याय अधिनियमाचे नवे विधेयक मंजूर केले, पण तोही कायदा मागच्या प्रकरणाला लागू होणारा नव्हता.

मुदतीनंतरची कैद ही बेकायदा कैद ठरते. रुदुल साह नावाचा माणूस निर्दोष ठरल्यावरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे पडून होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात राज्याला भरपाई द्यायला लावली, आणि अशा कैदेसाठी भरपाई मागण्याचा मार्ग तेथून खुला झाला.

३. पण आता ‘मरेपर्यंत जन्मठेप’ देतात ना? मग वेगळा कायदा कशाला हवा?

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण भारताने घातक गुन्हेगाराला कायम आत ठेवण्याचा मार्ग निवडला आहे तो शिक्षेच्याच आत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ६५ खाली सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला किमान वीस वर्षे सक्तमजुरी आहे आणि ती नैसर्गिक आयुष्याच्या अखेरीपर्यंतच्या जन्मठेपेपर्यंत वाढवता येते. मुलगी बारा वर्षांखालील असेल तर मृत्युदंडही देता येतो. कलम ७१ पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी आहे. पूर्वी बलात्काराच्या ठरावीक कलमांखाली दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा दोषी ठरली, तर आयुष्याच्या अखेरीपर्यंत जन्मठेप किंवा मृत्युदंड, हे दोनच पर्याय उरतात.

जुन्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३७६-ई म्हणून आली होती आणि तिचा पहिला वापर मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात झाला. सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप दिली, आणि या तिघांना पॅरोल किंवा फर्लोवरही, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेवरही, समाजात येऊ देता येणार नाही असे ठरवले. समाजाचे संरक्षण हाच तेथील विचार होता, पण तो शिक्षा ठरवताना, उघड सुनावणीत आणि पुराव्यावर झाला.

एक बारकावा लक्षात ठेवावा. कलम ७१ मध्ये पूर्वीच्या दोषसिद्धीची जी कलमे दिली आहेत, त्यांत पोक्सो कायद्याचा (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याचा) उल्लेख नाही. त्यामुळे ‘दुसरा गुन्हा म्हणजे आपोआप आजन्म कैद’ असे समजू नये.

४. जन्मठेपेचे सगळे कैदी चौदा वर्षांनी सुटतात, हे खरे आहे का?

खरे नाही. चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नाही. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही देता आला असता अशा गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याचा शिक्षामाफीसाठी विचारच त्याआधी करता येत नाही, एवढाच त्या तरतुदीचा अर्थ आहे. त्यानंतर सोडायचे की नाही, हे राज्य सरकार ठरवते आणि त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होते. २००२ च्या गुजरात दंगलीतील बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणातील अकरा दोषींना ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने सोडले होते. खटला मुंबईत चालला असल्यामुळे तो अधिकार महाराष्ट्राचा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली आणि दोषींना परत तुरुंगात जावे लागले.

याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने श्रीहरन प्रकरणात २०१५ मध्ये असे ठरवले की, मृत्युदंडाऐवजी वीस, तीस किंवा अधिक वर्षे माफीविना कैद देता येईल, मात्र तो अधिकार उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांनाच आहे. म्हणजे ठाण्याच्या सत्र न्यायालयाला अशी विशेष मुदत स्वतः घालता येत नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा घटनादत्त दयेचा अधिकार मात्र कोणत्याही शिक्षेत शिल्लक राहतो.

५. हे परदेशात कुठे चालते आणि तिथल्या न्यायालयांनी ते मान्य कसे केले?

सर्वांत जास्त चर्चा होते ती ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या २००३ च्या कायद्याची. शिक्षा संपत आली असताना राज्याचा महाधिवक्ता सर्वोच्च प्रांतीय न्यायालयात अर्ज करतो. दोन मनोविकारतज्ज्ञ कैद्याची तपासणी करून अहवाल देतात. गंभीर लैंगिक गुन्हा पुन्हा घडण्याचा अस्वीकारार्ह धोका आहे, असे भक्कम पुराव्यावरून आणि उच्च प्रतीच्या संभाव्यतेने पटले, तरच न्यायालय आदेश देते. असा आदेश दोन प्रकारचा असू शकतो: पुढेही कैदेत ठेवणे, किंवा देखरेखीच्या अटींवर सोडणे. कैदेचा आदेश असेल तर न्यायालयाला ठरावीक काळाने त्याचा फेरआढावा घ्यावाच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००४ मध्ये फार्डन नावाच्या कैद्याच्या खटल्यात सहा विरुद्ध एक मतांनी हा कायदा वैध ठरवला. त्याआधी १९९६ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने न्यू साउथ वेल्सचा कायदा रद्द केला होता, कारण तो एकाच माणसाला आत ठेवण्यासाठी लिहिला होता. फार्डनच्या बाबतीतही विषय तेथे संपला नाही. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, शिक्षा संपल्यावर त्याच तुरुंगात ठेवणे म्हणजे मनमानी कैद होय, असे मत दिले.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. कॅन्सस राज्याच्या कायद्यात ही शिक्षा मानलीच जात नाही. मानसिक विकृतीमुळे स्वतःवर ताबा ठेवता न येणाऱ्या माणसावरील दिवाणी स्वरूपाचा आदेश, असे तिचे रूप आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हेन्ड्रिक्स खटल्यात पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने ते मान्य केले.

जर्मनीचा इतिहास अधिक बोलका आहे. तेथील सुरक्षा-स्थानबद्धता नाझी राजवटीच्या पहिल्याच वर्षी, १९३३ मध्ये, कायद्यात आली आणि युद्धानंतरही टिकली. पूर्वी पहिल्या वेळच्या स्थानबद्धतेला दहा वर्षांची कमाल मर्यादा होती. १९९८ मध्ये ती काढून टाकली आणि बदल जुन्या कैद्यांनाही लावला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये हे पूर्वलक्षी शिक्षेसारखेच आहे असे ठरवले. मग २०११ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितले की, शिक्षा भोगून झालेल्याला ठेवायचेच असेल तर ती जागा तुरुंगापेक्षा स्पष्टपणे वेगळी असली पाहिजे, तेथे प्रत्यक्ष उपचार मिळाले पाहिजेत आणि सुटकेची आशा खरी असली पाहिजे. या विषयावर जगात जे काही लिहिले गेले आहे, त्यात हा निकाल आम्हाला सर्वांत न्याय्य वाटतो.

६. आपल्याकडे उद्या असा कायदा केला तर तो राज्यघटनेत बसेल का?

चार अनुच्छेद आडवे येतात. अनुच्छेद २० नुसार गुन्हा घडला त्या वेळी जी शिक्षा होती तिच्यापेक्षा अधिक देता येत नाही, आणि एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा करता येत नाही. ‘ही शिक्षा नाहीच’ असे कायद्यात लिहिले, तरी न्यायालय नावाकडे न पाहता परिणामाकडे पाहील. अनुच्छेद २१ खाली प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी लागते. अनुच्छेद १४ खाली काही गुन्हेगारांनाच वेगळे काढण्याचे कारण दाखवावे लागते. अनुच्छेद २२ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मर्यादा घालतो: सल्लागार मंडळाने पुरेसे कारण असल्याचे मत दिल्याशिवाय तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही. आमच्या मते, क्वीन्सलँडच्या धर्तीवर न्यायालयाच्या हाती असलेला, नियमित आढाव्याचा आणि पुढे घडणाऱ्या गुन्ह्यांनाच लागू होणारा कायदा कदाचित टिकेल. पोलीस आयुक्तांच्या सहीने चालणारा बेमुदत कायदा टिकणार नाही, आणि टिकूही नये.

महाराष्ट्राला हे सांगण्याचे खास कारण आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच घातक ठरवली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती उभ्या केल्या. लोक त्या जागेला आजही सेटलमेंटच म्हणतात. हा कायदा १९५२ मध्ये गेला, त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली, आणि त्या कायद्यातून मुक्त झालेल्या विमुक्त समाजांवरचा संशय अजूनही पोलीस ठाण्यात त्यांची पाठ सोडत नाही. दोषसिद्ध लैंगिक गुन्हेगार आणि जन्माने बदनाम केलेला माणूस यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण ‘घातक’ हा शिक्का कोण मारणार आणि तो पुसण्याची सोय कुठे असणार, हे दोन्ही ठिकाणी तितकेच विचारावे लागते.

७. हा माणूस पुन्हा गुन्हा करील, हे ठरवणार तरी कसे?

दोन मार्ग वापरले जातात: तज्ज्ञाची मुलाखत, आणि पूर्वीच्या गुन्ह्यांची संख्या, वय, पीडित व्यक्ती अनोळखी होती का अशा बाबींना गुण देणारे तक्ते. त्यांपैकी स्टॅटिक-९९ हा तक्ता सर्वाधिक प्रचलित आहे. असा तक्ता एखाद्या गटाचा धोका सांगतो. त्या गटातला नेमका कोण पुन्हा गुन्हा करील, हे सांगण्याची त्याची क्षमता नाही. कॅनडातील हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सुमारे चार ते पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदला गेलेल्यांचे प्रमाण १३.४ टक्के आढळले. नोंद न झालेले गुन्हे त्यात येत नाहीत, म्हणून खरा आकडा मोठा असणार. तरीही ‘हे लोक कधीच सुधारत नाहीत’ हे विधान त्यातून निघत नाही. शिवाय हे तक्ते परदेशातील कैद्यांवर बेतलेले आहेत, त्यामुळे ठाणे किंवा तळोजा कारागृहातील कैद्याला ते जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरेल.

चुकीच्या अंदाजाची किंमत इंग्लंडमध्ये दिसली. २००५ पासून तेथे लोकसंरक्षणासाठी बेमुदत कैद दिली जाऊ लागली. दोन वर्षांहून कमी किमान मुदत असलेली माणसेही आत अडकली. सुटकेसाठी जो सुधारणा-अभ्यासक्रम पूर्ण करायचा, तोच अनेक तुरुंगांत उपलब्ध नव्हता. २०१२ मध्ये ही शिक्षा बंद झाली, पण आधी अडकलेल्यांना तो बदल लागू केला नाही आणि त्यांतील काही जण दशकभराहून अधिक काळ आतच राहिले.

८. एमपीडीए लावून अशा माणसाला स्थानबद्ध करता येत नाही का?

एमपीडीए हा धोकादायक कृत्ये करणाऱ्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा आहे आणि त्यात ‘धोकादायक व्यक्ती’ची व्याख्या आहे. शरीराविरुद्धचे किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे सवयीने करणारा माणूस तिच्यात येतो, त्यामुळे वरवर पाहता हा मार्ग खुला दिसतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांत एमपीडीएचे आदेश निघतातही. परंतु स्थानबद्धतेची कमाल मुदत बारा महिने आहे. एकाच घरातील किंवा एकाच व्यक्तीवरील गुन्हा बहुधा ‘कायदा व सुव्यवस्थे’चा प्रश्न ठरतो, आणि या कायद्याला ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडणे लागते. हा फरक सर्वोच्च न्यायालय १९६५ च्या राम मनोहर लोहिया प्रकरणापासून सांगत आले आहे. त्यात गुन्हा दहा वर्षांपूर्वीचा आणि त्याची शिक्षा भोगून झालेली असेल, तर आदेशाशी त्याचा ताजा संबंध दाखवणे जवळजवळ अशक्य होते. सल्लागार मंडळापुढे स्थानबद्ध व्यक्तीला वकील लावण्याचा हक्क नसतो, हेही विसरू नये.

९. निदान तडीपार करता येईल ना?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दपार करता येते. लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत आम्हाला हा उपाय उफराटा वाटतो. ठाणे जिल्ह्यातून काढलेला माणूस नाशिकला किंवा पुण्याला जाऊन राहतो. त्याला ओळखणारे शेजारी, नातेवाईक आणि बीट अंमलदार येथेच मागे राहतात, आणि नव्या वस्तीतील पालकांना काहीच ठाऊक नसते.

चॅप्टर केसचा, म्हणजे चांगल्या वर्तनाचे बंधपत्र घेण्याच्या कारवाईचा, मार्ग त्यापेक्षा उपयोगी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२९ मध्ये, तारण घेतल्याशिवाय मोकळे ठेवणे समाजाला धोक्याचे ठरेल इतक्या बेडर आणि घातक व्यक्तीचा उल्लेख आहे. अशा व्यक्तीकडून चांगल्या वर्तनाचे बंधपत्र तीन वर्षांपर्यंत घेता येते, आणि ते न दिल्यास कैदही होऊ शकते.

१०. अशा माणसाला ठाण्याच्या मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही का?

बहुतेक प्रकरणांत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराची व्याख्या कडक आहे. विचार, मनःस्थिती किंवा जाणीव यांत एवढा बिघाड हवा की वास्तवाचे भान किंवा निर्णयशक्ती गंभीररीत्या बाधित होईल. लैंगिक गुन्हे करणाऱ्या बहुसंख्य माणसांना असा आजार नसतो. आपण काय करतो आहोत, हे त्यांना पुरते कळत असते. आजार असला तरी संमतीविना दाखल करण्याची मुदत तीस दिवस, मग नव्वद, पुढे एकशे वीस आणि त्यानंतर दर वेळी एकशे ऐंशी दिवस अशी बांधलेली आहे. वेडसरपणामुळे निर्दोष ठरलेल्या आरोपीला सुरक्षित देखरेखीत ठेवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे, तो वेगळा विषय आहे.

११. रासायनिक खच्चीकरण (औषधांनी लैंगिक वासना दाबणे) करून सोडले तर?

दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात ही सूचना फेटाळली. समितीचे म्हणणे असे की, बलात्काराचे मूळ केवळ वासनेत नसून सत्तेत आणि सामाजिक दर्जात असते, आणि सक्तीने शरीरात असा बदल करणे घटनेला धरून नाही. आम्हालाही ते पटते.

१२. आमच्या सोसायटीत शिक्षा भोगलेला माणूस राहायला आला आहे. पोलीस त्याची माहिती देतील का?

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. गृहनिर्माण संस्थेला त्यातील नोंद मिळत नाही. हे बंधन आम्हाला योग्य वाटते, कारण नावे उघड झाली की जमाव जमतो, माणूस पत्ता बदलून दिसेनासा होतो आणि देखरेख अवघड होते. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. सोसायटीच्या दारावर यादी लावून ते संकट टळत नाही.

शाळा, पाळणाघर, शिकवणी वर्ग आणि शाळेच्या बसची बाब वेगळी आहे. पोक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी वेळोवेळी करणे बंधनकारक आहे. ठेकेदारामार्फत आलेला सफाई कर्मचारी किंवा वाहकही त्यातून सुटत नाही. ती झाली आहे का, असे पालकसभेत लेखी विचारा.

१३. खटलाच संपलेला नाही, पण आरोपी वर्षानुवर्षे तुरुंगात आहे. ही बेमुदत स्थानबद्धता नव्हे का?

कायद्याच्या भाषेत नव्हे, परंतु आपल्या जिल्ह्यात मुदत न ठरलेली कैद खरोखर कुठे असेल तर ती येथे आहे. कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन देण्याची तरतूद मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, आणि बलात्कार त्यात मोडतो. पोक्सो खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असे कलम ३५ सांगते. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. त्यात निर्दोष माणूस आत कुजतो, आणि दोषी माणूस साक्षीदार थकल्यामुळे सुटण्याची शक्यता वाढते. पीडित मुलीला पाच वर्षांनी तीच हकिकत पुन्हा सांगावी लागते, ती गोष्ट तर निराळीच. संरक्षणाची खरी चिंता असणाऱ्यांनी विशेष न्यायालयांची आणि सरकारी वकिलांची संख्या वाढवण्याची मागणी आधी करावी.

१४. गुन्हेगार अल्पवयीन असेल तर?

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो, पण सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप किंवा फाशी देता येत नाही. त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थानी ठेवतात. त्या वेळी शिक्षेची मुदत उरली असेल, तर बाल न्यायालय त्याच्यात सुधारणा झाली का हे तपासते आणि त्याला सोडायचे की उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात पाठवायचे ते ठरवते. भविष्यातील धोका पाहून कैदेचा निर्णय घेण्याची आपल्या कायद्यातील ही सर्वांत जवळची तरतूद आहे, आणि तिलाही मूळ शिक्षेची कमाल मर्यादा आहे.

१५. ज्याला आमच्या मुलीच्या प्रकरणात शिक्षा झाली, तो मुदत संपवून सुटतो आहे आणि त्याचे घर आमच्याच चाळीत आहे. आम्ही काय करू शकतो?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत कठीण आहे, कारण कायद्यातील खरी उणीव येथे उघडी पडते. आपल्याकडे आजन्म कैद आहे किंवा पूर्ण मोकळीक आहे. क्वीन्सलँडसारखा सुटकेनंतरच्या देखरेखीचा न्यायालयीन आदेश नाही, ज्यात पीडितेच्या घरापासून दूर राहणे, ठरावीक दिवशी अधिकाऱ्यासमोर हजर होणे आणि उपचार घेणे अशा अटी असतात. बेमुदत कैदेच्या मागणीपेक्षा अशा आदेशाची मागणी महाराष्ट्राने करावी, असे आमचे ठाम मत आहे.

तोपर्यंत पुढील गोष्टी करता येतात. कारागृह अधीक्षकांना आणि आपल्या पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना सुटकेच्या आधीच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात चॅप्टर केसची मागणी करावी (प्रश्न ९ पाहा). धमकी आली, पाठलाग झाला किंवा तक्रार मागे घेण्याचा दबाव आला, तर तो स्वतंत्र गुन्हा असतो. त्याची नोंद त्याच दिवशी करावी, आपसांत मिटवू नये. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. त्या योजनेत खटल्यानंतरच्या धोक्याचाही विचार होतो आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळते. या अर्जांसाठी वकील लागल्यास स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. ठाणे जिल्ह्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. मुलीला स्वतः अर्ज घेऊन जाण्याची गरज नाही, पालकांची सही पुरते.